तिच्या डोईचा फेटा

मराठवाड्यातल्या लग्नात आहेराचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी नाहीतर खण. पाहुणा मानाचा असला की त्याला फेटा बांधायचा आणि त्याच्या घरच्या मालकिणीची ओटी भरायची. डोक्यावर काही चढवून मान द्यायचा तो पुरुषालाच. बाईच्या डोक्यावर पदर आधीपासूनच असायचा, आणि वडीलधारं कुणी समोर आलं की तो आणखी दोन बोटं कपाळावर उतरायचा.

आता जालना जिल्ह्यात, घनसावंगी-अंबडकडच्या गावांतसुद्धा, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला मिरवणुकीत भगवे फेटे बांधलेल्या मुली आणि बाया दिसतात. १२ जानेवारीला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मगावी, मोठी गर्दी लोटते. त्या गर्दीतही नऊवारी, नथ आणि फेटा हा वेश आता ओळखीचा झाला आहे. गुढीपाडव्याला गिरगाव आणि डोंबिवलीच्या शोभायात्रांत फेटेवाल्या बाया बुलेट चालवत येतात, त्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतात.

तसं पाहिलं तर डोक्याला कापड गुंडाळणं इथल्या बाईला नवं नाही. कापूस वेचताना, ऊस तोडताना ती उन्हाला आणि पाचटाला अडवायला डोक्याला रुमाल किंवा जुनं लुगडं घट्ट आवळते. हंडा घ्यायचा तर त्याच कापडाला पीळ देऊन चुंबळ करते. घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते. त्या काठच्या उसाच्या पट्ट्यात हे दृश्य रोजचं आहे. मात्र ते कष्टाचं कापड होतं; मिरवायचं कापड पुरुषांकडेच राहिलं.

इतिहासात अपवाद सापडतात. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश याने राजदरबारातल्या स्त्रियांच्या उंच टोप्यांचं आणि त्यांवर लावलेल्या मोत्यांच्या फुलांचं वर्णन करून ठेवलं आहे. मराठी माणसाला जवळचं उदाहरण झाशीच्या राणीचं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. राणी लक्ष्मीबाई कधीकधी पुरुषी वेश करत, तेव्हा पायजमा, कमरेला तलवार, डोक्याला टोपी आणि तिच्यावरून पागोटं असा त्यांचा थाट असे, असं ते सांगतात. आज चौकाचौकांतले राणीचे पुतळे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या छोट्या लक्ष्मीबाया डोक्याला काही बांधूनच उभ्या असतात.

फेट्याचं कापड साधारण साडेतीन ते सहा मीटर लांब आणि मीटरभर रुंद असतं. बांधायला दोघं लागतात. एकजण टोक धरून कापड ताणतो, दुसरा त्याला चुण्या घालतो किंवा पीळ देतो. तुऱ्यासाठी हातभर कापड आधीच राखून ठेवायचं, मग कपाळावर तिरके पेच एकमेकांना छेदत घ्यायचे. मागे सुटतो तो शेमला, वर पंख्यासारखा उलगडतो तो तुरा. बाईला बांधताना एक गोष्ट वेगळी: अंबाडा. तो मानेजवळ, खाली घातला तर मागचे पेच त्याच्यावर टेकतात आणि फेटा घसरत नाही. वर घातला तर सगळा फेटा पुढे कलतो. शिवून तयार मिळणाऱ्या फेट्यांत ही सोय नसते, म्हणून दाट केसांच्या बायकांना तो पिनांनी अडकवावा लागतो. डोक्यावर बांधलेला फेटा मात्र ज्याच्या त्याच्या डोक्याच्या मापाचा होतो.

फेट्यासारखं भोवताली कड नसलेलं शिरोभूषण बायकांनी मिरवावं, ही हौस सातासमुद्रापारही आहे. पाश्चात्त्य जगात गोळ्यांच्या डबीसारखी दिसणारी बिनकडेची गोल टोपी ‘पिलबॉक्स’ नावाने गाजली. २० जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या शपथविधीला त्यांच्या पत्नी जॅकलिन ती घालून आल्या. टोपी हॉल्स्टन या कारागिराची. वारा सुटला, त्यांनी हाताने टोपी दाबली, तिला खोक पडली. मग अमेरिकेतल्या बायका आपल्या टोप्यांना मुद्दाम तशी खोक पाडू लागल्या. 

पिलबॉक्स आणि फेटा यांचं कुळ वेगळं, देश वेगळा, तरी एक धागा समान आहे. कड नाही, म्हणून चेहऱ्यावर सावली पडत नाही. पदर कपाळावर उतरतो. फेटा कपाळाच्या वरच थांबतो. कुंकू, नथ, डोळे, सगळं समोरच्याला दिसतं, आणि समोरचा तिलाही दिसतो. मिरवणुकीतली बाई मान ताठ ठेवून चालते ती काही नुसत्या ऐटीने नव्हे. मान झुकवली तर तुरा कलंडतो.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण दिलं आणि गावोगावच्या व्यासपीठांवर बाया बसू लागल्या. सरपंचबाईंचा सत्कार करायचा म्हणजे काय करायचं, हा प्रश्न तेव्हा खराच होता. शाल, श्रीफळ आणि साडी तर होतीच. हळूहळू फेटाही आला. सुरुवातीला बांधणारा पुरुष अवघडायचा, परस्त्रीच्या डोक्याला हात कसा लावायचा म्हणून. आता बऱ्याच ठिकाणी मुलीच फेटा बांधायला शिकल्या आहेत. एकीच्या हातात कापडाचं टोक, दुसरीच्या हातात पेच, आणि मधे खुर्चीवर बसलेली आई विचारते, “पदर घेऊ का गं वरून?” पोरगी म्हणते, “नको, तुरा दबंल.”