पुण्यात लिहिलेला कलकत्त्याचा तपास

खर्ड्याच्या रणांगणावर मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाच्या फौजेला नमविले, ही हकीकत आमच्या खर्डा गावात पोरासोरांनाही मुखोद्गत असते. परंतु १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा निंबाळकरांच्या भुईकोटाजवळ वाढलेल्या आम्हा मंडळींना धोतर नेसणाऱ्या त्या शांत, मितभाषी बंगाली तपासनिसाचे जे वेड लागले, ते आजतागायत ओसरलेले नाही. त्याच्या कित्येक कथा आपल्याच पुण्यात लिहिल्या गेल्या, हे कळल्यावर तर त्या वेडात आपुलकीचीही भर पडली.

या कथांचे कर्ते शरदिंदु बंद्योपाध्याय एके काळी वकिली करीत. १९३२ पासून काही वर्षांत ब्योमकेशाच्या दहा कथा लिहून त्यांनी ते दफ्तर बांधून ठेविले, १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास ते मुंबईस आले, आणि सुमारे पंधरा वर्षांच्या खंडानंतर वाचकांच्या आग्रहावरून त्यांनी ब्योमकेशाला पुन्हा हाती धरले, त्याच सुमारास पुण्यास बिऱ्हाडही केले. शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या, याचे मला फार अप्रूप वाटते.

या कथांची चटक का लागते? ‘पथेर काँटा’मध्ये भर रस्त्यात चालता माणूस कोसळतो आणि त्याच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते, ती कोठून सुटली, हे मी सांगणार नाही. पण केवळ अशा युक्तीने वाचक बत्तीस कथा वाचत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार सदैव तरुण राहतो आणि तोही आम्हांस प्रिय आहेच. ब्योमकेश मात्र वयाने वाढतो, खुनाच्या आरोपात सापडलेल्या भावासाठी धडपडणाऱ्या सत्यवतीशी विवाह करतो, बाप होतो, १९४६ च्या दंग्यांतील कलकत्ता पाहतो. पुढची कथा उघडावी ती खुन्यासाठी नव्हे, त्या संसाराची खुशाली कळावी म्हणून.

चित्रपटाला ही सवड क्वचितच मिळते. १९६७ मध्ये सत्यजित राय यांनी ‘चिडियाखाना’त उत्तमकुमारला ब्योमकेश केले, त्याच्या घरात एक अजगर पाळला, आणि दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविले, तथापि मला त्या भव्यतेत घरगुती ब्योमकेश हरवल्यासारखा वाटतो. चटर्जींनी मालिकेत बहुतेक वेळा एकेका भागात कथा मावेल तेवढीच ठेविली, आणि रजित कपूर, के. के. रैना व आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी ब्योमकेश, त्याचा मित्र व सत्यवती ही तीन माणसे इतकी सहज उभी केली की पुस्तक वाचताना आजही तेच चेहरे दिसतात.

१९७० मध्ये शरदिंदु निवर्तले, तेव्हा ‘बिशुपाल वध’ ही ब्योमकेशाची कथा अपुरीच राहिली होती. २०२२ मध्ये अरिंदम सील यांनी तिच्यावर चित्रपट काढून तो तपास आपल्या परीने तडीस नेला. शरदिंदूंच्या मनात खुनी कोण होता, याविषयी मात्र वाचकांचे तर्क चालूच आहेत.