एमडीचे बळी मोजायचे कसे?

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी कामगारांची मोठी वसाहत आहे आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही. शहराच्या दुसऱ्या बाजूला चिंचोली एमआयडीसी. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथे पोलिसांनी छापा घातला आणि एमडी, म्हणजे मेफेड्रोन बनवणारा कारखाना उघडकीला आला. केंद्राने 2015 मध्येच हे द्रव्य अमली पदार्थ कायद्याखाली आणले होते.

किती माल पकडला, हे लगेच छापून येते. त्या मालाने किती जण दगावले, हे कळणे फार अवघड. मृताचा व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, अहवालाला वेळ लागतो. तोवर मृत्यूची नोंद ‘हृदयक्रिया बंद’ एवढ्यावरच थांबू शकते. कारण लपले, की पुढचा मृत्यू टाळण्याची संधीही निसटते.

प्रत्येक अमली पदार्थावर उपाय सारखा नसतो. हेरॉइनच्या अतिमात्रेत श्वास मंदावतो. नॅलोक्सोन हे औषध वेळेत दिले तर माणूस वाचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये ते घरच्यांच्या, मित्रांच्याही हाती असावे, अशी शिफारस केली. एमडीवर मात्र असा उतारा नाही. ताप चढतो, नाडी धावते, झटके येऊ शकतात; अंग थंड ठेवत तातडीने दवाखाना गाठावा लागतो.

पोलिसांच्या भीतीने मित्र तिथेच कचरतात. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनींना अमली पदार्थ कायद्याच्या कलम 64अ नुसार खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे वस्त्यांपर्यंत पोहोचायलाच हवे. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जीव धोक्यात असेल तर आधी 108.