जुना ट्रक घेताना रंग नव्हे, चेसिस पाहा

गेवराई धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. कापूस, ऊस, सिमेंटच्या वाहतुकीवर आपल्यापैकी अनेकांची रोजी चालते. व्याजाचे कर्ज टाळण्यासाठी पुष्कळ बांधव भागीदारीत जुना ट्रक घेतात. अशा सौद्यात घाई नडते.

प्रथम आरसी बुकातील चेसिस व इंजिन नंबर गाडीवर ताडून पाहावेत. बुकावर फायनान्सचा बोजा असल्यास ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेला कर, दंड आणि फिटनेसची मुदत तपासावी. आठ वर्षांवरील गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते.

इंजिन सकाळी थंड असताना सुरू करवावे. निळा धूर निघाला, तर इंजिन ऑइल जाळते असे समजावे. चेसिसवरील तडे, वेल्डिंगचे जोड आणि तुटलेले पाटे या बहुधा जादा भाराच्या खुणा असतात. माल भरून चढावर चालवून पाहिल्याशिवाय क्लच व ताकद कळत नाही.

बुकातील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढाच माल भरावा. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. अनेक खेपांची कमाई एका काट्यावर जाते.

मालातील ऐब सांगणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. लपवलेला ऐब निघाल्यास शरीअत घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क देते. म्हणून सौदा आणि भागीदारीच्या अटी, दोन्ही साक्षीदारांसमोर लिहून घ्याव्यात.