ही फाईल मजकूर की चित्र?

१३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. हे आठ आकडे कशाचे असतील? पीएनजी जातीचे कोणतेही चित्र घ्या, ते फुलपाखराचे असो की पचनसंस्थेच्या आकृतीचे. त्याच्या फाईलमधल्या पहिल्या आठ बाइट नेमक्या ह्याच असतात. ८०, ७८, ७१ ही पी, एन, जी ह्या रोमन अक्षरांची संकेतांक-रूपे. उरलेले पाच आकडे मात्र नावाचा भाग नाहीत. ते पहारेकरी आहेत. १९९५ मध्ये ही पद्धत आखणाऱ्यांना एक भीती होती: प्रवासात कोणीतरी चित्राला मजकूर समजेल आणि त्याच्या ओळी 'नीट' करून ठेवेल.

ओळी नीट करणे म्हणजे काय, ते समजण्यासाठी टंकलेखन यंत्र आठवावे लागेल. ओळ संपली की तेथे दोन कामे होत: गाडी ओळीच्या आरंभी आणणे आणि कागद एका ओळीने वर सरकवणे. दूरमुद्रकांमध्ये ह्या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते, १३ आणि १०. पुढे संगणक आले. युनिक्सवाल्यांनी ठरवले की ओळ संपली हे सांगायला एकटा १० पुरेसा आहे. डॉस आणि त्यामागून आलेल्या विंडोजने १३ व १० ही जोडी कायम ठेवली. त्यामुळे एकच धडा दोन संगणकांवर वाचायला सारखा दिसतो, पण त्यातल्या बाइट वेगळ्या असतात.

अनेकजण मिळून एकाच लिखाणावर काम करू लागले की हा फरक त्रास देतो. अशा कामासाठी 'आवृत्ती नियंत्रण' करणाऱ्या प्रणाली असतात. त्यातली आज सर्वांत जास्त वापरली जाणारी म्हणजे गिट. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ती लिहायला घेतली. गिटच्या भांडारात प्रत्येक फाईलच्या आजवरच्या साऱ्या आवृत्त्या जपलेल्या असतात. कोणी, कधी, काय बदलले ते शोधता येते. ओळींचा घोळ टाळण्यासाठी गिट भांडारात जाताना १३-१० च्या जागी फक्त १० ठेवू शकते आणि बाहेर काढताना हवे तर पुन्हा १३-१० करू शकते. मजकुराच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे.

आता हीच सोय आपल्या चित्राला लागू करून पाहू. आत जाताना १३-१० ह्या जोडीतला १३ गळतो: १३७, ८०, ७८, ७१, १०, २६, १०. बाहेर येताना प्रत्येक १० च्या आधी १३ घातला जातो: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १३, १०. आठाच्या नऊ बाइट झाल्या! मूळ आकड्यांत एक १० जोडीने होता आणि एक एकटा. आत जाताना तो भेद पुसला गेला, आणि पुसलेला भेद परत कोठून आणणार? पीएनजीच्या आरंभी जोडी आणि एकटा असे दोन्ही मुद्दाम ठेवले आहेत ते ह्यासाठीच. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम पहिल्या आठ बाइट पाहतो आणि फाईल बिघडली आहे हे लगेच ओळखतो. ओळखतो, पण दुरुस्त करू शकत नाही. भांडारात बिघडलेलीच प्रत गेली असेल आणि मूळ चित्र दुसरीकडे नसेल, तर ते गेलेच.

असे व्हायला चित्रच लागते असेही नाही. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. यूटीएफ-१६ ह्या पद्धतीत प्रमुख लिप्यांसाठी तो दोन बाइटमध्ये लिहितात. देवनागरीतल्या 'क' साठी ९ आणि २१. मल्याळम लिपीतल्या दीर्घ 'ऊ' चा क्रमांक मोठी बाइट आधी ठेवून लिहिला, तर बाइट येतात १३ आणि १०! अशा फाईलला गिटने साधा मजकूर मानले, तर त्या अक्षराची एक बाइट गळेल आणि पुढच्या जोड्या एका घराने सरकतील. यूटीएफ-८ मध्ये हा धोका नाही. तेथे देवनागरी किंवा मल्याळम अक्षराला तीन बाइट लागतात, पण त्यातली प्रत्येक १२८ किंवा त्याहून मोठी असते.

म्हणजे कोणती फाईल मजकूर आणि कोणती नाही, हे गिटला कळणे महत्त्वाचे आहे. ते स्वतः अंदाज करू शकते. उदाहरणार्थ, फाईलमध्ये शून्य ही बाइट दिसली तर हा मजकूर नव्हे असे ते समजते. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण अंदाजावर न सोडता स्पष्ट सांगायचे असेल, तर फाईलला 'गुणधर्म' देता येतात. ही सोय गिटमध्ये २००७ साली आली. त्यासाठी 'डॉट गिटॲट्रिब्युट्स' नावाची एक साधी मजकूर-फाईल लिहायची. (येथे आम्ही सारी नावे नागरीत देत आहोत, संगणकावर ती रोमन अक्षरांत टंकावीत.) तिच्या प्रत्येक ओळीत आधी फाईलींचा नमुना आणि मग गुणधर्म येतात. '*.टीएक्सटी टेक्स्ट' म्हणजे ज्यांच्या नावाचा शेवट टीएक्सटी आहे त्या साऱ्या फाईली मजकूर आहेत. '*.पीएनजी -टेक्स्ट' म्हणजे पीएनजी फाईली मजकूर नाहीत. वजा चिन्ह नकार दाखवते. '* टेक्स्ट=ऑटो' म्हणजे सर्व फाईलींबाबत अंदाज कर. ह्या शेवटच्या ओळीतले '=ऑटो' घाईत राहून गेले, तर अर्थ होतो 'सर्व फाईली मजकूरच आहेत', आणि गिट ते निमूटपणे ऐकते. चित्रे बिघडतात ती बहुधा अशा एका राहून गेलेल्या शब्दापायी.

अशी फाईल एकच असती तर प्रश्न सोपा होता. पण ती प्रत्येक फोल्डरमध्ये असू शकते. मग दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्या असतील तर कोणाचे खरे?

आपल्या शिक्षणखात्यात वरून आलेले परिपत्रक खालच्या सूचनेला रद्द करते. गिटमध्ये नेमके उलट चालते. फाईलच्या सर्वांत जवळचा जे सांगेल ते खरे. गिट आधी भांडाराच्या खाजगी कोपऱ्यातली 'इन्फो' फोल्डरमधली यादी पाहते. ही फक्त आपल्या संगणकावर असते, सहकाऱ्यांना मिळत नाही. मग फाईल ज्या फोल्डरात आहे तेथील यादी, मग त्याच्या वरच्या फोल्डरातली, असे करत मुळापर्यंत. तेथेही उत्तर न मिळाल्यास त्या व्यक्तीची सर्व प्रकल्पांसाठीची यादी आणि अगदी शेवटी साऱ्या संगणकाची. एकाच यादीत दोन ओळी भांडत असतील, तर खालची ओळ जिंकते.

आणखी एक बारकावा आहे, आणि तोच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा शोध प्रत्येक गुणधर्मासाठी वेगवेगळा होतो. समजा काही शिक्षक मिळून विज्ञानाच्या कृतिपत्रिका लिहीत आहेत. मुळाच्या यादीत दोन ओळी आहेत: पहिली '* टेक्स्ट=ऑटो', दुसरी '*.टीएक्सटी टेक्स्ट'. 'विज्ञान' फोल्डरच्या यादीत एकच ओळ आहे: '*.टीएक्सटी ईओएल=एलएफ', म्हणजे ओळीचा शेवट एकट्या १० ने करा. आता 'विज्ञान' मधल्या 'प्रकाश' फोल्डरातल्या 'भिंग.टीएक्सटी' ची चौकशी करू. 'प्रकाश' मध्ये यादीच नाही. 'विज्ञान' मध्ये ईओएल चे उत्तर मिळते, पण टेक्स्ट बद्दल तेथे अवाक्षर नाही. मौन म्हणजे नकार नव्हे. म्हणून टेक्स्ट चा शोध वर चालू राहतो. मुळाच्या यादीत खालून वाचायला लागलो की दुसरीच ओळ उत्तर देते आणि पहिलीकडे पाहायची गरज उरत नाही. गिटच्या आतही काम असेच चालते: याद्यांची ताटांसारखी चळत रचायची, वरून खाली पाहत जायचे, सगळी उत्तरे मिळाली की थांबायचे. पुढची फाईल शेजारच्या फोल्डरातली असेल, तर पूर्ण चळत मोडत नाहीत. वरचे एखादे ताट काढून दुसरे ठेवतात.

म्हणून उत्तरे चार प्रकारची असतात: आहे, नाही, अमुक किंमत आहे, आणि कोणी काही सांगितलेले नाही. दुसरे आणि चौथे एक समजू नये. 'नाही' म्हटले की गिट त्या फाईलच्या ओळींना हात लावत नाही. कोणीच काही सांगितले नसेल तर ते त्या संगणकाच्या इतर मांडणीवर अवलंबून राहते, म्हणजे तुमच्याकडे एक आणि आमच्याकडे दुसरे.

हे सारे डोक्यात ठेवून याद्या वाचत बसायची गरज नाही. 'गिट चेक-ॲटर टेक्स्ट' असे लिहून पुढे फाईलचे नाव दिले की गिट स्वतःच शोध घेऊन एका ओळीत उत्तर देते. 'टेक्स्ट' ऐवजी '-ए' लिहिले तर त्या फाईलचे ठरलेले सर्व गुणधर्म मिळतात. आमचा आग्रह असा की चित्रे, ध्वनिफिती वगैरे भांडारात प्रथम घालण्याआधी हा प्रश्न एकदा विचारावाच. 'चित्रे/ -टेक्स्ट' अशी ओळ लिहून फोल्डरातली सर्व चित्रे सुरक्षित झाली असे अनेकांना वाटते. विचारून पहा, आतल्या फाईलींबाबत ती ओळ काहीच सांगत नाही असे दिसेल. तेथे 'चित्रे/**' असे लिहावे लागते.

यादी स्वतःही भांडारातलीच फाईल आहे, तेव्हा तिच्याही आवृत्त्या असतात. जुन्या सीव्हीएस प्रणालीत फाईल मजकूर की नाही ही नोंद फाईलीगणिक एकच असे. ती बदलली की जुन्या आवृत्त्यांनाही लागू होई. गिटमध्ये आजचे उत्तर आणि तीन वर्षांपूर्वीचे उत्तर वेगळे असू शकते. २०२३ पासून 'चेक-ॲटर' ला '--सोर्स' हा शब्द जोडून जुनी आवृत्ती सांगता येते, आणि तेव्हाच्या यादीनुसार उत्तर मिळते. एखादे चित्र कधीपासून बिघडले हे शोधताना एकेक आवृत्ती मागे जात हाच प्रश्न विचारायचा. ज्या आवृत्तीत उत्तर 'आहे' वरून 'नाही' वर जाते, तिच्या आगेमागे चांगली प्रत शिल्लक असण्याची शक्यता असते.