'पॉझिटिव्ह' रिपोर्ट आणि एएनए तपासणी

आमच्या वस्तीतील एक ताई रक्ताचा रिपोर्ट पदराखाली लपवून आमच्याकडे आल्या. त्यावर 'एएनए पॉझिटिव्ह' असे छापले होते. 'पॉझिटिव्ह' म्हटले की आपल्याकडे एकच आजार डोळ्यांसमोर येतो. शेजारणीने तो शब्द वाचला आणि दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या घरचा चहा कोणी घेईना. म्हणून आधीच सांगतो, ही एचआयव्हीची तपासणी नाही. ती ज्या आजारांसाठी करतात ते एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत. (चहाच्या कपातून तर एचआयव्हीही लागत नाही. हे अजून सांगावे लागते!)

शरीरात जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. कधी कधी शरीराची ओळखण्यात चूक होते आणि आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. त्यांना एएनए म्हणतात. ती शोधण्यासाठी रक्तातील सीरम काचपट्टीवरच्या मानवी पेशींवर टाकतात, वर चमकणारा रंग घालतात आणि खास सूक्ष्मदर्शकातून पाहतात. केंद्रक हिरवे चमकले तर रिपोर्ट पॉझिटिव्ह. मग सीरम आणखी पातळ करून पुन्हा बघतात. १:८० याचा अर्थ ऐंशीपट पातळ करूनही चमक दिसली.

हा आकडा फार महत्त्वाचा आहे, पण रिपोर्ट हातात आला की आपण तो सोडून ठळक अक्षरेच वाचतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १:४० ला शंभरातील सुमारे तीस जण पॉझिटिव्ह निघाले आणि १:१६० ला पाच जण. म्हणजे धडधाकट माणसातही एएनए सापडते. थायरॉइडच्या आजारात सापडते, टीबीत सापडते, टीबीच्या आयसोनियाझिड गोळीनेही कधी येते. नुसती अंगदुखी आहे म्हणून पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेणे आम्हाला पटत नाही. पैसे जातात आणि झोपही जाते.

मग ही तपासणी कोणासाठी? ल्युपससारख्या आजाराची खरी शंका असेल त्यांच्यासाठी. ल्युपस नऊ बायकांमागे एखाद्या पुरुषाला होतो आणि बहुधा ऐन तरुण वयात. सकाळी सांधे सुजून आखडतात, उन्हात गेले की गालांवर लाल चट्टे उठतात, तोंड येते, केस गळतात, ताप आठवडे-आठवडे हटत नाही. थंड पाण्यात हात घातला की बोटे पांढरी-निळी पडतात, हे लक्षणही डॉक्टरांना जरूर सांगा. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत एएनए पॉझिटिव्ह असते, त्यामुळे ते निगेटिव्ह आले तर ल्युपसची शक्यता फारच कमी. पॉझिटिव्ह आले तर पुढे डीएस-डीएनए, एसएम यांसारखी नेमकी प्रतिपिंडे पाहतात. रो नावाचे प्रतिपिंड असलेल्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण त्यामुळे पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके क्वचित मंदावतात.

या सगळ्यात साधी लघवीची तपासणी मात्र विसरू नका. ल्युपस मूत्रपिंडावर गेला तरी दुखत नाही. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, आणि आपण म्हणतो, दिवसभर उभे राहून काम केले म्हणून सुजले असतील. लघवीत प्रोटीन जाते का, हे थोड्या पैशांत कळते. आणखी एक, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई टोचून दोन दिवस बरे वाटते, तेव्हा त्या सुईत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. त्याने आजार झाकला जातो. रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत जावे.

ताईंना आम्ही तिथेच नेले. आकडा कमी होता, चट्टे नव्हते, लघवी स्वच्छ निघाली. थायरॉइड मात्र कमी होते. थकवा आणि अंगदुखी त्याचीच. आता सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेतात. परवा त्यांच्या घरी आम्ही चहा घेतला, शेजारणीलाही हाक मारून बोलावले.