संगणक जागा कसा होतो?

बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायत पट्ट्यात, लोणी भापकर व भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर, विहिरीच्या काठावर बसविलेला पंप बऱ्याच दिवसांनी पुन्हा सुरू करण्याचा प्रसंग बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेला असतो. खटका दाबताच पंप फिरू लागतो. परंतु त्याच्या पोटात व पाइपात अगोदरच पाणी नसेल, तर तो नुसती हवा घुसळीत राहतो. म्हणून शेतकरी प्रथम बादलीभर पाणी वरून ओततो आणि मग खटका दाबतो. पाणी चढविणाऱ्या यंत्राला ते काम करता यावे म्हणून आधी थोडे पाणीच द्यावे लागते. हा काहीसा चमत्कारिक व्यवहार ध्यानात आला, म्हणजे संगणक सुरू होताना काय घडते ते समजण्याचा अर्धा मार्ग सरला.

संगणकाचीही अडचण हीच आहे. कोणताही प्रोग्राम चालावयाचा तर तो डिस्कवरून 'रॅम' ह्या कार्यस्मृतीत आणावा लागतो, आणि तो उचलून आणण्याचे काम करावयासही प्रोग्रामच लागतो. रॅम तर वीज गेली की कोरी पाटी. मग पहिला प्रोग्राम आणावयाचा कोणी? स्वतःच्या पायातील बुटाच्या पट्ट्याला धरून स्वतःलाच वर उचलावे अशी एक अशक्य कल्पना इंग्रजीत रूढ आहे. तिच्यावरून ह्या क्रियेला 'बूट होणे' असे नाव पडले. मुले ह्या शब्दाचा संबंध पायातील बुटाशी जोडून हसतात. त्यांचा तर्क बरोबर आहे असे त्यांना अवश्य सांगावे.

प्रारंभीच्या संगणकांत ही बादली माणसाच्याच हाती होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' ह्या भारतीय बनावटीच्या संगणकाची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती व त्याला कामे छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून दिली जात. त्या काळच्या कित्येक यंत्रांत पहिल्या काही आज्ञा चालकाला दर्शनी फळीवरील खटके वरखाली करून भराव्या लागत. १९७५ साली अमेरिकेत निघालेल्या 'आल्टेअर ८८००' ह्या छोट्या संगणकावरही हीच रीत होती. एक खटका चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून.

पुढे हे काम 'रॉम' ह्या चिपकडे आले. रॉममधील मजकूर वीज गेली तरी पुसत नाही. प्रोसेसरला वीज मिळताच तो एका ठराविक पत्त्यावर जाऊन तेथील आज्ञा पाळू लागतो, आणि त्या पत्त्यावर रॉम बसविलेली असते. भारत सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४-८५ पासून निवडक शाळांना 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. त्यांत कार्यप्रणाली व बेसिक ही भाषा दोन्ही रॉममध्येच होती. बटण दाबावे, 'टूं-टीं' असा आवाज यावा आणि पडदा आज्ञेसाठी तयार व्हावा, ह्याला क्षणभरही लागत नसे. मात्र कार्यप्रणाली बदलावयाची तर चिपच बदलावी लागे. आजचे संगणक सुरू व्हावयास वेळ घेतात म्हणून कुरकुर होते. त्या विलंबाच्या मोबदल्यात कार्यप्रणाली बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले आहे, हे विसरले जाते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीपासून जी पद्धत रुळली, तीत रॉममधील छोट्या प्रोग्रामला 'बायोस' म्हणतात. शाळा उघडताच मुख्याध्यापकांनी वर्गखोल्या, हजेरीपट व पाण्याची टाकी पाहून घ्यावी, तसा बायोस आधी रॅम, कळफलक, पडदा व डिस्क जागेवर आहेत की नाही ते तपासतो. मग तो डिस्कवरील अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा रॅममध्ये आणतो. त्या तुकड्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण असली, तर त्यातील आज्ञांकडे कारभार सोपवून स्वतः बाजूला होतो. त्यातही आज्ञांसाठी जागा ४४६ बाइटांचीच, म्हणजे चारपाचशे अक्षरांच्या एका पोस्टकार्डाएवढी. एवढ्याशा जागेत संपूर्ण कार्यप्रणाली शोधण्याची विद्या मावत नाही. म्हणून तो तुकडा फक्त पुढच्या थोड्या मोठ्या प्रोग्रामला बोलावतो, तो त्याहून मोठ्याला. प्रत्येकाला आपल्या पुढच्याचा पत्ता तेवढा माहीत असतो.

नव्या संगणकांत बायोसची जागा 'यूईएफआय'ने घेतली आहे. त्याला डिस्कवरील फाइली नावाने वाचता येतात. त्यामुळे त्या ५१२ बाइटांची ओढाताण संपली व दोन टेराबाइटांहून मोठ्या डिस्कवरूनही प्रारंभ करणे सुलभ झाले. शिवाय २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'सिक्युअर बूट' सर्वत्र पसरले: पुढच्या प्रोग्रामवर मान्यताप्राप्त सही आहे की नाही ते पाहूनच कारभार त्याच्या हाती द्यावयाचा.

येथून पुढे कार्यप्रणालीगणिक वाटा फुटतात. विंडोजमध्ये आधी 'बूट मॅनेजर' येतो व तो मूळ गाभ्याला, म्हणजे 'कर्नल'ला, उठवितो. लिनक्समध्ये बहुधा 'ग्रब' हा द्वारपाल असतो. एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली असल्या, तर कोणती हवी ते तो विचारतो. मग कर्नल येतो आणि कर्नल 'क्रमांक १' ह्या पहिल्या कार्याला जन्म देतो, ज्याच्यापासून बाकीची सर्व कामे निघतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणालीही ह्याच मार्गाने उठते. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या चिपचे मॅक काढले. त्यांत पहिला प्रोग्राम मुख्य चिपमध्येच कोरलेला असतो आणि तपासणी फार कडक असते. शिक्षकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनही असाच चिपमधील रॉमपासून, सह्या तपाशीत, लिनक्सच्याच कर्नलपर्यंत येतो.

विंडोजची एक खोड मात्र शिक्षकांना ठाऊक असावी. विंडोज ८ पासून 'शटडाउन' केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते व सकाळी तीच उचलली जाते. ही सोय चालू असेल तोवर संगणक कितीही वेळा बंद करून चालू केला, तरी तो पूर्णतः नव्याने उठत नाही. 'रिस्टार्ट' केल्यास उठतो. प्रिंटर हट्ट करू लागला की बंद-चालूचा खेळ करण्याऐवजी रिस्टार्ट करावे, ते ह्यामुळे.

ही साखळी ध्यानात असली म्हणजे 'संगणक बिघडला' ह्या एका वाक्यात दडलेले वेगवेगळे रोग ओळखता येतात. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, तर दोष विजेचा. पंखा फिरतो, पडदा काळा आहे आणि 'पीं पीं' असा आवाज पुन्हा पुन्हा येतो, तर बायोसची तपासणीच अडली आहे. पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. वीजजोड काढून, पट्टी बाहेर घेऊन, तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून ती पुन्हा घट्ट बसविल्यास काम भागते. कंपनीचे नाव दिसते व नंतर 'बूट करण्याजोगे साधन नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते, तर बायोस धडधाकट आहे. डिस्क निखळली आहे किंवा शोधण्याचा क्रम बदलला आहे. कोणी पेनड्राइव्ह लावून विसरले असेल, तर तो आधी काढून पाहावा.

सर्वांत फसवा दोष नाण्याएवढ्या बॅटरीचा. संगणकाचे घड्याळ, आणि पुष्कळ यंत्रांत बायोसच्या नोंदीसुद्धा, 'सीआर २०३२' नावाच्या तीन व्होल्टच्या बॅटरीवर जिवंत असतात. चारपाच वर्षांनी ती संपली, की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग यू-डायसचे किंवा 'सरल'चे संकेतस्थळ 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही, आणि इंटरनेटला दोष दिला जातो. डिस्कसंबंधीची नोंद बदललेली असली, तर विंडोज उठतच नाही व चांगला संगणक कापड घालून कोपऱ्यात बसतो. ही बॅटरी तालुक्याच्या गावी घड्याळाच्या दुकानातही थोडक्या पैशांत मिळते.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि टीपीएम २.० नसलेल्या जुन्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नाही. त्यामुळे येत्या काळात निर्लेखनाचे प्रस्ताव पुष्कळ होतील. प्रस्ताव करण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. उबुंटू किंवा बॉस ह्यांपैकी एखादी प्रणाली दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, तो पेनड्राइव्ह बंद यंत्राला लावावा, आणि बटण दाबताच एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप (कंपनीनुसार) दाबून पेनड्राइव्हवरून प्रारंभ करावा. सूचीत काही स्थापित न करता 'वापरून पाहा' हाच पर्याय निवडावा, म्हणजे डिस्कला धक्का लागत नाही. पडदा उजळला तर यंत्र जिवंत आहे व रोग डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. डिस्क वाचता येत असेल, तर तीवरील निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी व मुलांची छायाचित्रे त्याच वेळी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत.