ओळखपत्रावरचा चेहरा, भिंतीवरचा चेहरा

यवतमाळ जिल्ह्यातील कोरडवाहू कापसाच्या मुलखात घरचा कर्ता पुरुष अकाली गेला, म्हणजे त्याचे पुष्कळदा एकच छायाचित्र मागे उरते, आणि तेही बँकेच्या पासबुकावर किंवा मतदाराच्या ओळखपत्रावर, सरकारी दप्तराच्या गरजेपुरते काढलेले, बोटभर. तालुक्याच्या गावचा फोटोग्राफर तोच चेहरा मोठा करून देतो. मागची पांढरी भिंत पुसून तेथे निळे आभाळ आणतो, हयातीत ज्याने कधी कोट शिवला नाही त्याच्या अंगात कोट चढवितो, आणि कुटुंबाची इच्छा असेल तर त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले नातवंडही त्याच्या शेजारी उभे करतो. हार घातलेल्या त्या चित्राला घरातले कोणी बनावट म्हणत नाही. सणावारी त्याच्यापुढे हात जोडले जातात.

अस्मिता, स्वप्न आणि स्मृती यांचा शोध घेणारे प्रयोगशील छायाचित्रण ही महानगरांतील कलादालनांची मिरास आहे, असा सामान्य वाचकाचा समज असतो. परंतु जे दिसले ते टिपण्याऐवजी जे मनात आहे ते प्रकाशाच्या साहाय्याने रचणे, हाच जर त्या कलेचा गाभा असेल, तर तो आपल्या भिंतीवर कधीचाच टांगलेला आहे.

कॅमेरा आपल्या देशात आला तो बऱ्याच अंशी माणसांची नोंद करण्यासाठी. मुंबईत विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन खंडांत तेथील जातीजमातींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि त्यांच्या मागची दृश्ये दुसऱ्या ठिकाणची, अशी ती जोडचित्रे होती, आणि तरीही शास्त्रीय पुरावा म्हणून ती मान्य झाली. आपल्या वणी भागातील कोलामांची नोंदही रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या चार खंडी ग्रंथात अशीच, वर्णनाच्या ठरीव साच्यात बसविलेली आढळते. कोण कोणास पाहतो आणि कोण कोणाचे नाव दप्तरात लिहितो, हा प्रश्न त्या काळी कोलामाला कोणी विचारला नाही.

तो प्रश्न कॅमेऱ्यालाच विचारणाऱ्या कलावतींमध्ये बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांचे नाव मी अग्रभागी ठेवीन. बडोद्यास शिल्पकला शिकलेल्या या बाईंनी क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात ‘दक्षिण भारतातील स्थानिक स्त्रिया’ या विषयावर मोठी चित्रमालिका केली; तीत मानवमापनासाठी चौकटींच्या पडद्यासमोर उभी केलेली स्त्री त्या स्वतःच झाल्या आणि राजा रविवर्म्याची लक्ष्मीही त्याच झाल्या. तत्पूर्वी मुंबईत टिपलेल्या ‘फँटम लेडी’ या मालिकेत त्यांनी जुन्या साहसपटांच्या धर्तीवर ताटातूट झालेल्या जुळ्या बहिणींच्या दोन्ही भूमिका केल्या, तर ‘सुनहरे सपने’ या १९९८ च्या हाताने रंगविलेल्या छायाचित्रांत एक गृहिणी आणि तिचे स्वप्नातील प्रतिरूप यांना समोरासमोर आणले. एकाच चेहऱ्यात अनेक माणसे नांदतात, ही गोष्ट ओळखपत्राला कधीही मान्य करता येणार नाही. कलेला ती येते.

स्मृतीच्या बाबतीत मात्र विवान सुंदरम यांच्या ‘रीटेक ऑफ अमृता’ इतकी मला हलवून सोडणारी कृती दुसरी नाही. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी आयुष्यभर स्वतःची, पत्नीची आणि मुलींची छायाचित्रे काढली होती. त्यांची कन्या, थोर चित्रकर्त्री अमृता, १९४१ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवर्तली. तिचा भाचा असलेल्या सुंदरम यांनी २००१–०२ मध्ये ती जुनी छायाचित्रे संगणकावर एकमेकांत गुंफली, आणि पॅरिसमधली तरुण अमृता व वार्धक्याकडे झुकलेला तिचा पिता यांना, जे त्या वयात त्या जागी कधीच एकत्र नव्हते, एका खोलीत आणले. स्वप्नात काळाचे हे बंधन असेच गळून पडते आणि गेलेली माणसे आपल्या सर्व वयांसह एकदम भेटीस येतात. सुंदरम यांचे कलाशिक्षण फार मोठे, त्यांना उपलब्ध असलेला संग्रह अपूर्व. पण आजोबा आणि न पाहिलेला नातू यांना जवळ आणणारा आपला तालुक्याचा कारागीरही त्याच वेदनेला, त्याच युक्तीने उत्तर देत असतो, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. भेद आहे तो असा की, कलावंत जोड दिसू देतो, कारण आठवण आपण घडवीत असतो हेच त्याला दाखवायचे असते. कारागिराला जोड लपवावा लागतो, कारण पाहणाऱ्या विधवेला सांत्वन हवे असते.

या कारागिरांचे काम आज झपाट्याने नष्ट होत आहे. फिल्मचे युग संपले, स्टुडिओ बंद पडत आहेत, आणि निगेटिव्हच्या पेट्या रद्दीच्या भावाने जात आहेत. तुमच्या गावी असा एखादा स्टुडिओ असेल तर त्याच्या मालकाला आजच भेटा. त्या पेट्या कोरड्या जागी, कागदी पाकिटांत, सन व गाव लिहून ठेवण्यास त्याला मदत करा, आणि गावच्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने त्या सांभाळाव्यात यासाठी लेखी अर्ज द्या.